आदिनाथ टेमगिरे व्हय म्हणतो

आदिनाथ टेमगिरेला नाही म्हणता येत नाही. कामशेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याचा पुरेपूर फायदा घेतात. तळेगावची कंपनी सुटल्यावर तो कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरला, त्याला आता बरीच वर्षं झाली. लोणावळ्याच्या हॉटेलांपासून पवनेकाठच्या बंगल्यांपर्यंत कुठंही काही अडलं की आदिनाथचा फोन वाजतो. त्याच्या तोंडून आधी 'व्हय' बाहेर पडतं आणि समोरचा काय मागतोय ते त्याला नंतर कळतं. असा माणूस लोकांना फार आवडतो. घरच्यांना कसा वाटतो ते मात्र कुणी विचारत नाही.

घरी हिरा आहे, त्याची बायको. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तळेगावच्या दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख दोनदा पुढं गेली, दोन्ही वेळा आदिनाथला ऐन वेळी कुणीतरी बोलावलं म्हणून. तिसरी तारीख शनिवारची. "या खेपंला मी येतो, काय बी झालं तरी," असं तो म्हणाला होता आणि मनापासून म्हणाला होता. तेवढं त्याच्या बाजूनं मान्य करायला हवं.

शनिवारी सकाळी हिरा पिशवी भरत होती, तेवढ्यात लोणावळ्याच्या एका हॉटेलातून उमेराचा फोन आला. ती तिथं रिसेप्शनवर असते. "काका, कॉम्प्युटर आत घेतच नाहीये. पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते आणि परत पासवर्डच मागते. गेस्ट उभे आहेत." आदल्या संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर आदिनाथनं बिलाच्या नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. म्हणजे घोळ त्याचाच.

"दवाखाना दुपारी हाय, तवर येतो मी," तो हिराला म्हणाला.

"जावा," ती म्हणाली आणि पिशवीत टॉवेल कोंबत राहिली.

जुन्या हायवेनं स्कूटर हाकत तो लोणावळ्याला पोचला तेव्हाच त्याची पाठ दुखत होती. रिसेप्शनपाशी बॅगा घेऊन माणसं उभी होती आणि उमेरा वहीवर नावं उतरवत होती. आदिनाथनं पासवर्ड टाकून पाहिला. तो चुकीचा असता तर मशीननं तसं सांगितलं असतं. हे पासवर्ड मान्य करत होतं आणि उंबऱ्यातूनच माघारी पाठवत होतं. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, हॉटेलच्या शेठनं फुकट मिळतं म्हणून टाकून घेतलेलं. तीन बटणं एकदम दाबून आदिनाथनं नुसत्या अक्षरांचा काळा पडदा उघडला आणि तिथं मात्र लॉगिन झालं. त्याच्या जिवात जीव आला. डिस्क भरलीय का पाहिली, तर भरली नव्हती. उमेराच्या फायलींची मालकी बदललीय का पाहिलं, तर तीही जागेवर होती. मग काल काय काय टाकलं गेलं ते त्यानं उघडून वाचलं आणि तो खुर्चीत मागं रेलला.

नव्या सॉफ्टवेअरचं जुन्याशी जमत नव्हतं. एवढं सगळं काढावं लागेल, काढू का, असं मशीननं काल रीतसर विचारलं होतं. त्या काढायच्या सामानात अख्खा डेस्कटॉपच होता, म्हणजे पासवर्डनंतर उघडणारा रोजचा पडदा. आदिनाथनं ते वाचलंच नव्हतं. फोन कानाला लावून तो पवनेकडच्या कुणाला तरी उद्या-परवा येतो म्हणून सांगत होता, आणि त्याच भरात बोटानं मशीनलाही होकार देऊन मोकळा झाला होता. मशीन रात्री बंद होईपर्यंत सगळं ठीक दिसलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

त्याला स्वतःचा कंटाळा आला. राग यायलाही अंगात थोडा जोर लागतो, तेवढा शिल्लक नव्हता.

डेस्कटॉप परत उतरवून घ्यायला घेतला, तर हॉटेलचं नेट रखडत होतं. मग मशीननं विचारलं, प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढावं लागेल, काढू का? या वेळी त्यानं ओळ न् ओळ वाचली आणि मगच बटण दाबलं. मशीन बंद करून चालू केलं, उमेरानं पासवर्ड टाकला, आणि रोजचा पडदा समोर आला. प्रिंटरचं पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं. अजून वेळ होता. तेव्हा निघाला असता तर पोचला असता.

"आदिनाथ, आलाच आहेस तर मागच्या खोल्यांचं वायफाय बघून जा," शेठ जिन्यावरून म्हणाले.

बायकोचं ऑपरेशन आहे, एवढंच सांगायचं होतं. शेठ काही वाईट माणूस नव्हे, त्यांनी स्वतःच त्याला पिटाळलं असतं. आदिनाथनं घड्याळाकडं पाहिलं, तोंडही उघडलं.

"व्हय, बघतो," तो म्हणाला.

वायफायनं दुपार खाल्ली. मधे त्यानं हिराला फोन लावला, तिनं उचलला नाही. तो स्कूटर काढून थेट तळेगावला गेला. वाटेत काय काय सांगायचं ते जुळवत होता, त्यातलं एकही त्याला स्वतःला पटत नव्हतं.

दवाखान्यात हिरा बाकावर बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. शेजारी कोमल होती, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी.

"झालं पण?" आदिनाथनं विचारलं. "कोमलला कुणी बोलावलं?"

"मीच," हिरा म्हणाली. "तुमी येतो म्हणालात ना, त्याच दिशी सांगून ठिवलं तिला."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नर्सबाई औषधाची बाटली घेऊन आल्या. "दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. घरी कोण घालणार?"

"मी घालतो," आदिनाथ पुढं होऊन म्हणाला.

हिरानं पट्टी बांधलेलं तोंड नर्सबाईंकडं वळवलं. "कोमलला समजावून सांगा," ती म्हणाली.