गारव्याचा लाभ

वीज वाचवण्याच्या नादात मी एकदा अख्खी वाडी गार केली.

आमचा जुना एसी गिरणीसारखा खडखडायचा आणि त्याचं बिल बघून घाम फुटायचा. म्हणून कुडाळला जाऊन मी नवा, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टरवाला एसी घेऊन आलो.

"अवो, परत खर्च?" बायको म्हणाली.

"खर्च नाय गो, बचत! बिल निम्म्यार इला नाय, तर पुढे वरसभर मासे मी साफ करीन!" (मासळीशी माझा संबंध ताटापासून सुरू होतो. यावरून माझा आत्मविश्वास ओळखा!)

एसी बसवणाऱ्याने एकच बजावलं, "साहेब, खोलीचं दार तेवढं बंद ठेवा."

पण नवी वस्तू आली की आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. वाडी जमली. शेजारच्या आबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! ह्या वसंतान नवो एसी घेतल्यान हा. त्येचा बिल कमी येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

इथे थांबायचं ना! पण आबांना रंग चढला होता. "आणि वाडीत कोणाक उकाडो बाधूक नये. सगळ्यांक ह्या गारव्याचो लाभ होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा. सवय हो! गाऱ्हाण्यात अर्थ ऐकून होकार देतो कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच आबा उशी घेऊन हजर! "देवाक शब्द दिलंस मा रे?" मागोमाग पलीकडच्या घरातली माई, तिच्या सुना, चटया, तान्हं पोर.

"आमचे पंखे बंद करून इलंव हां!" माई म्हणाली. जणू माझ्यावरच उपकार!

रोज कोणी पाणी प्यायला उठे, कोणी पान थुंकायला. मी ओरडायचो, "दार लावा!" "लावतंय रे," म्हणत आबा कूस बदलायचे. त्यात बायकोने मंडळींना सोलकढी द्यायला सुरुवात केली!

"तू माझ्या बाजून आसस की त्येंच्या?"

"माका मासे साफ करूचो कंटाळो इलो हा," ती शांतपणे म्हणाली.

महिनाअखेर बिल आलं. जुन्या एसीपेक्षा जास्त! बाकी वाडीची बिलं मात्र झकास उतरली होती. आबा पेढे घेऊन आले. "गुणी एसी आसा रे तुझो!"

त्या दुपारी खोलीबाहेरच्या पडवीत घामाच्या धारांत मी बांगडे साफ करत बसलो होतो. आतून माई खेकसली, "वसंता, दार ओढून घे रे! माशांचो वास येता!"

मी उठून दार घट्ट लावलं. एसीवाल्याने बजावलेलं दार एकदाचं बंद झालं! आता बिल नक्की निम्म्यावर येणार. फक्त मी आत जायचं नाही!