पेरलेल्या चुका

छापखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं बारीक अक्षरांचं पत्रक असतं ना, जे आपण न वाचताच फेकून देतो, ते छापायला जाण्याआधी शेवटचं वाचायचं काम तिचं. अर्ध्या गोळीच्या जागी पाच छापलं गेलं तर कुणाचा तरी जीव जायचा. म्हणून तिचा कुणावरच भरवसा नव्हता. मजकूर लिहिणाऱ्या डॉक्टरांवर नाही, जुळणी करणाऱ्यावर नाही, आणि स्वतःच्या पहिल्या वाचनावर तर मुळीच नाही. अशी माणसं नोकरीत सोन्यासारखी असतात. घरात त्यांच्याबरोबर राहायचं म्हणजे मात्र रोज उलटतपासणी.

लेकीला तिने शाळेतून काढलं तेही संशयानेच. पाचवीच्या वहीत प्रत्येक निबंधाखाली लाल शाईत 'छान' असायचं. चाळणीबाईच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या निबंधात, नदीच्या वर्णनाच्या ऐन मधोमध, तिने लेकीला एक ओळ घालायला लावली: 'तुम्ही हे वाचत असाल तर इथे फुली मारा.' वही परत आली. फुली नव्हती. खाली 'छान' होतं. महिन्याभरात मुलगी घरी शिकायला लागली.

घरी शिकवायची परवानगी मिळाली, पण अट होती. वर्षाअखेरीस परीक्षक घरी येणार, मुलीपुढे एक अनोळखी उतारा ठेवणार आणि त्यात काय आहे ते तिला विचारणार. सांगता आलं तर पुढचं वर्षही घरी. नाही आलं तर पुन्हा तोच वर्ग आणि तीच लाल शाई. 

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची पाळी दुपारची, म्हणून सकाळचं गणित त्याच्याकडे. ती दोन वाजता छापखान्यातून आली की भाषा तिच्याकडे. रविवारी ती जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरायची, पट्टीने रकाने आखायची आणि आठवड्याचं व्याकरण मांडायची. सोमवारी नाम-सर्वनाम, मंगळवारी लिंग-वचन, बुधवारी विशेषण, गुरुवारी काळ, शुक्रवारी विभक्ती. आणि शनिवारच्या रकान्यात: 'पेरलेल्या चुका, दहा.'

ही छापखान्याची जुनी रीत. नवा वाचक कामावर आला की त्याच्यापुढे मुद्दाम दहा चुका पेरलेला मजकूर ठेवायचा. नऊ सापडल्या तरी त्याला नमस्कार करून घरी पाठवायचं. जे तिथे चाललं ते इथे का चालू नये, असं तिला वाटलं. पुस्तकातला उतारा घेतला तर पोरगी मूळ पुस्तक शोधून काढेल, म्हणून ती स्वतःच एक पान लिहायची, शाईच्या पेनाने. आणि त्यात तिला एक गोड खोड लागली. वीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलेली बाई पहिल्यांदाच आपलं काही लिहीत होती. लेक जन्मली तो दिवस, लेकीचं पहिलं पाऊल, स्वतःच्या आईचा मार, सगळं त्या पानांवर उतरायला लागलं. चुका पेरणं हे निमित्त झालं. अर्थात, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगेल कशी, तिचा आपल्या लिहिण्यावर तरी कुठे विश्वास होता!

घोळ निघाला तो गुणांचा. सोमवार ते शुक्रवार लेकीची गाडी दहापैकी सहावर अडायची. शनिवारी मात्र दहापैकी दहा. एकदा झालं असतं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणून सोडून दिलं असतं. पण हे सलग सतरा शनिवार. आणि तेही पाच मिनिटांत! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने उत्तरांचा कागद कपाटात कुलपात ठेवला. दहा. डाळीच्या डब्यात खुपसला. दहा. पर्समध्ये घालून छापखान्यात नेला, तरी दहाच. मग घरचा भेदी एकच उरला.

"अहो, खरं सांगा. सकाळी पान घरीच असतं. तुम्हीच तिला चुका शोधून देता ना?"

"मी? अगं, मला स्वतःला दहातल्या चार सापडायच्या नाहीत. मी लिफ्टवाला, मला वर-खाली एवढंच कळतं."

"हसण्यावारी नेऊ नका. सतरा वेळा दहा?"

"मग पोरगी हुशार असेल. हे एकदा तरी आलं का तुझ्या मनात?"

नव्हतं आलं. ते तिला लागलं, पण संशय काही हटला नाही.

पुढच्या शनिवारी तिने सापळा लावला. दहाऐवजी सातच चुका पेरल्या आणि उत्तरं कागदावर न लिहिता डोक्यात ठेवली. फसवणारा दहाचा आकडा भरायला तीन खोट्या चुका दाखवणार, हे ठरलेलं. कपडे वाळत घालायचं निमित्त करून ती गॅलरीच्या दारात उभी राहिली.

लेकीने कागद घेतला. वाचला नाही. खिडकीकडे गेली, कागद डोळ्यांसमोर आडवा धरला आणि उजेडात तिरका करून इकडून तिकडे फिरवला. टिक, टिक, टिक, पेन्सिलीने गोल केले आणि ओरडली, "आई, आज सातच आहेत गं!"

चाळणीबाईच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस. मी इथेच उभी आहे. तू एक शब्दसुद्धा वाचला नाहीस."

लेकीने जरा वेळ ओठ चावला. मग कागद पुढे केला. "हे बघ ना. चूक लिहायच्या आधी तू थांबतेस. पेन टेकलेलं राहतं, म्हणून बारीक ठिपका पडतो. आणि पुढचं अक्षर तू दाबून काढतेस. बोट फिरवलं तरी कळतं."

चाळणीबाईने बोट फिरवलं. खरंच कळत होतं. वीस वर्षांत छापखान्यात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. क्षणभर तिची छाती अभिमानाने फुगली. हे पोर आपलंच, यात शंका नाही! मग तिला परीक्षा आठवली, आठ दिवसांवर आलेली.

"बरं, त्या पानात काय होतं ते तरी सांग."

"कुठल्या?"

"आजच्या. नाहीतर मागच्या शनिवारच्या. कुठल्याही."

"त्यात काही होतं?" लेकीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

अठरा पानं. तिचा जन्म, तिचं पहिलं पाऊल, सगळं. चाळणीबाईने ते पान उलटं करून ठेवलं. ज्या शाळेला नावं ठेवून पोरीला बाहेर काढलं, तिथेही लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. इथेही नाही. फार वाईट वाटलं तिला, आणि राग आला तो स्वतःचाच.

रविवारी तिने रकाने आखलेच नाहीत. नुसतं एक पान लिहिलं. आपण लहानपणी बादलीत बसलो आणि अडकलो, शेजारच्या काकांनी साबण लावून कसं बाहेर काढलं, ते. आणि शेवटी, शहाणपण करून, एक ओळ जोडली: 'परीक्षेत तुला काही सांगता आलं नाही तरी मला काहीच वाटणार नाही.'

"यात एकही चूक नाही," तिने सांगितलं. "नुसतं वाच."

लेक तिच्याकडे बघून डोळे बारीक करून हसली. पोलिसाने चोराकडे बघावं तसं. कागद खिडकीपाशी गेला, तिरका झाला. बराच वेळ फिरला. एक गोल पडला.

"अगं, नाही म्हटलं ना मी!"

"आहे." लेकीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "काय चुकलंय ते कळत नाही. व्याकरण बरोबर वाटतंय. पण इथे तू थांबलीस. दोनदा."

चाळणीबाईने ओळ पाहिली. दोन ठिपके होते. पोरीला खोटं शोधायला तिनेच शिकवलं होतं, आता लपणार कुठे? तिने पेन घेतलं, ओळ खोडली आणि खाली न थांबता लिहिलं: 'वाटेल. खूप वाटेल. मला भीती वाटते.'

लेकीने त्या शब्दांवरून बोट फिरवलं. एकदा, आणि परत एकदा. आईकडे पाहिलं. मग कागद सरळ धरून खिडकीपाशीच खाली बसली.

तिचे डोळे एकेका ओळीवरून सरकत राहिले. अचानक फिसकन हसू फुटलं.

"काय सापडलं?" चाळणीबाईने दचकून विचारलं.

"काही नाही गं. थांब, बोलू नकोस. काका आत्ता साबण आणायला गेलेत."