कालवांची पिल्लं आणि दोन यंत्रं

आमच्या आगरदांड्याची पूर्वी नावाची मुलगी कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या, जिवंत पिल्लांवर संशोधन करते. प्रयोगशाळेसाठी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक निवडायचं काम तिच्यावर आलं. हे यंत्र लेसरच्या उजेडात जिवाच्या आतला एकेक थर दाखवतं. दोन कंपन्यांची यंत्रं आली, दोन्हींची चित्रं सुरेख. आठवडाभर तिला काही ठरवता येईना. रविवारी घरी येऊन तिने जेवता जेवता आईला सगळं सांगितलं.

तिची आई केसर मासळी विकते. तिने विचारलं, "चित्रं कशाची काढली गो?"

"कंपनीवाल्यांनी आणलेल्या नमुन्यांची."

"बया! गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून ताजा का ते बघतं, नि तू टोपली बघून भुललीस?"

सोमवारी पूर्वीने स्वतःची पिल्लं दोन्ही यंत्रांखाली ठेवली. पहिल्यात चित्र लख्ख आलं, पण लेसरच्या उजेडाने दहा मिनिटांत पिल्लू निपचित पडलं. लेसर कमी केला तर काहीच दिसेना. दुसऱ्यात चित्र धूसर, पण पिल्लू वळवळत राहिलं. तिने दुसरं निवडलं.

"काका, बरोबर केलं ना? धूसर चित्रात मला सापडणार काय?" रात्री फोनवर तिने मला, त्यांच्या शेजाऱ्याला, विचारलं.

मी जन्मभर जेट्टीवर ओझी उचलली. मला काय कळणार? मी एवढंच विचारलं, "किती पिल्लं तपासलीस?"

"चाळीस. दुसऱ्या यंत्रात सगळी वळवळत राहिली."

"मग झोप आता."

"चित्र धूसरच आहे ना, झोपच येत नाही, काका," ती म्हणाली.