आप्पा आणि तालुक्यातले पिझ्झे

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि एका डोळ्याला म्हणावा तसा गुण आला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "ट्रॅक्टर तरी?" डॉक्टर म्हणाले, "तोही नाही, काका." त्यानंतर आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. खालून कोणी रिक्षा वाकडी घातली की वरून त्याला बोल लावायचे आणि आत येऊन आईशी वाद घालायचे.

माझी नोकरी फिरतीची. आमची संस्था खेड्यापाड्यांतल्या शाळांना विज्ञानाचं साहित्य देते आणि ते कसं वापरायचं हे शिक्षकांना दाखवायला मी जाते. कधी चांदवड, कधी सटाणा, कधी पार सुरगाण्याकडच्या आश्रमशाळा. एक दिवस आईच म्हणाली, "यांना ने गं बरोबर. तुला सोबत होईल आणि मला शांतता."

सोबत कसली! डाव्या सीटवर बसलेले आप्पा नाशिकहून निघाल्यापासून ओझर येईपर्यंत पायाखालची चटई दाबत होते, जणू तिथं ब्रेक होता. "थर्ड टाक." "त्याला जाऊ दे." "आता दाब हॉर्न." मी पिंपळगावच्या टोलनाक्यावर गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "आप्पा, एक तर तुम्ही बोला, नाही तर मी चालवते." ते चांदवड येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्या दिवशी शाळेतलं काम लांबलं. तीन वाजून गेले होते, खानावळीतलं जेवण संपलं होतं. हायवेच्या सर्व्हिस रोडला एका गाळ्यावर पिझ्झ्याचं मोठं चित्र होतं आणि आत पंखा चालू दिसत होता. मी म्हटलं, "चला."

"मी नाय खाणार. रोटीवर भाजी ओतायची आन् त्याला इंग्रजी नाव द्यायचं."

भुकेपुढं त्यांचं काही चाललं नाही. पिझ्झा आला तेव्हा त्यांनी तो आधी चारी बाजूंनी बघितला, मग एक तुकडा उचलून डोळ्यांसमोर धरला. टोक खाली वाकलं आणि वरचा कांदा त्यांच्या धोतरावर पडला. मला वाटलं, झालं आता. पण आप्पांनी तो कांदा उचलून खाल्ला, मग तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला. तिसऱ्या तुकड्याला म्हणाले, "कांद्यात हात आखडला नाय गड्यानं. पण मधी रस्ता खचलाय. कडंला चांगला हाय, मधी खड्डा."

मला एवढं हसू आलं की मी फोन काढला आणि नकाशावर त्या दुकानाखाली त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. वर लिहिलं, 'हे माझ्या वडिलांचं मत.' आप्पा विचारत होते, हे कोण वाचणार. मी म्हटलं, कोणी नाही.

पण लोकांनी वाचलं. कोणीतरी खाली लिहिलं, 'काकांना आणखी कुठं घेऊन गेलात?' हे मी आप्पांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, परत वाच. आई स्वयंपाकघरातून आली, तर तिच्यासाठी पुन्हा एकदा वाचायला लावलं. रात्री जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सटाण्याला कधी जायचंय तुला?"

तिथून आमचं ठरूनच गेलं. मी शाळेत शिरले की आप्पा गावात शिरायचे. स्टँडवर जायचं, जीपवाल्यांशी बोलायचं, कुठं पिझ्झा मिळतो, कोण चालवतं, नवीन आहे की जुनं, सगळी चौकशी करून ठेवायची. जीपवाले त्यांना लगेच आपलं मानत. मी शाळेतून बाहेर आले की आप्पा फाटकाशी उभे असायचे आणि गाडीत बसण्याआधीच सांगायला लागायचे, "दोन हायेत. एक देवळापाशी, त्याच्याकडं बसायला जागा नाय. दुसरा कॉलेजच्या रस्त्याला." गाडी चालवण्यावरून बोलणं मात्र कमी झालं. त्यांच्या डोक्यात आता दुसरं काही असायचं.

त्यांची परीक्षा त्यांची त्यांनीच ठरवली. तुकडा उचलल्यावर किती वाकतो हे आधी. मग कड, कारण कड टाकून द्यावीशी वाटली तर भाजणारा घाईत होता असं समजायचं. चीज किती ताणलं जातं याचं त्यांना अजिबात कौतुक नव्हतं. "रबर बी ताणतं," म्हणायचे. आणि एक तुकडा घरी न्यायचाच, सकाळी चहाबरोबर थंड खाऊन बघायला. आईला हे बघवत नसे. पूर्ण पाच तारे मात्र कुणालाच नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "पाच दिले तर तो उद्यापासून झोपा काढील."

सटाण्याच्या दुकानदारानं पिझ्झा ठेवून अहिराणीत विचारलं, "कसा शे, बाबा?" आप्पांनी तोंडात घास असतानाच सांगितलं, "भारी शे." हे दोन शब्द म्हणजेच तिथला पूर्ण अभिप्राय. सुरगाण्याच्या वाटेवर एकानं स्ट्रॉबेरीच्या चकत्या घातलेला पिझ्झा दिला. आप्पा बराच वेळ त्याच्याकडं नुसते बघत होते. मग संपवला. आणि मला लिहायला सांगितलं, 'याला पिझ्झा म्हणता येणार नाही. पण आम्ही दोन घेतले.'

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग हरसूलचं झालं.

वाघेऱ्याचा घाट उतरून आम्ही हरसूलला गेलो तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या टोकाला एका बाईनं छोट्या गाळ्यात ओव्हन मांडला होता. चाळिशीतली असावी. पातळ खोचलेलं, कपाळावर पिठाचा हात लागलेला. आम्हाला परत निघायची गडबड होती, तिनं पिझ्झा दिला, आम्ही गाडीतच खाल्ला. बेस मधून ओला होता आणि वरचा सॉस गोड, अगदी केचपसारखा. आप्पांनी घाट चढता चढता मजकूर सांगितला: 'बेस कच्चा. सॉस लहान पोरांच्या औषधासारखा. घाईत असाल तर भजी खा.' तारे दोन. मी घरी पोचल्यावर ते नकाशावर टाकलं. लोकांना ते भारीच आवडलं. औषधाच्या वाक्यावर तर हसण्याची चित्रं पडली.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेत पुन्हा जायचं होतं. मी दुपारी बाहेर आले तर आप्पा फाटकाशी नव्हते. फोन केला तर उचलला नाही. बाजारातून शोधत गेले, तर त्याच गाळ्यासमोरच्या बाकावर ते बसलेले, आणि ती बाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी.

"तुमचीच मुलगी का ही?" तिनं मला बघून विचारलं. "या ताई, बसा. तुमीच लिवलं ना ते?"

मी आप्पांकडं बघितलं. ते चपलांकडं बघत होते. नंतर कळलं की ते स्वतःहूनच तिच्या दुकानात गेले होते, आणि बोलता बोलता यांच्याच तोंडून 'मधी रस्ता खचलाय' असं निघालं. तिच्या भावानं तिला आप्पांचे सगळे अभिप्राय वाचून दाखवले होते. तिनं लगेच ओळखलं.

"बेस कच्चा व्हता, ते खरं हाय," ती म्हणाली. "लाइट गेली व्हती, ओव्हन थंड पडला व्हता. तुमाला घाई, मंग मी दिला. द्यायला नको व्हता. त्याचं मला काय वाईट नाय वाटलं. पण औषध कशाला म्हनलं, बाबा?"

आप्पा म्हणाले, "गोड लागला म्हणून म्हणलं."

"गोडच करते मी. मी नाशकात हॉटेलात काम केलंय, तिथं आंबट करायचे, ते बी येतं मला. पन इथं कोन खातं ते बघा की तुमी. बसा आज. मंग लिवा."

मला वाटलं, आप्पा उठतील. त्यांना कुणी असं उभ्या उभ्या सुनावलेलं मी पाहिलेलं नव्हतं, आईनं सोडून. पण ते म्हणाले, "बसतो."

आणि खरंच बसले. मीही बसले, शाळेचं काम झालंच होतं. बाजार करून बायका येत होत्या. पाठीला बांधलेलं मूल, हातात मिठाची पिशवी, सुक्या मासळीचा वास. चार-पाच जणींत एक पिझ्झा घ्यायच्या आणि तिथंच उभ्यानं वाटून खायच्या. शाळेच्या दोन मुली आल्या, त्यांनी वरून आणखी सॉस मागितला. मग एक म्हातारी आली, भाजी विकून टोपली रिकामी झालेली. तिच्या तोंडात फारसे दात नव्हते. दुकानवालीनं न विचारताच तिला मधला मऊ भाग कापून दिला आणि कड काढून ठेवली. म्हातारी आमच्याच बाकावर टेकली.

आप्पांनी तिला विचारलं, "आजी, गोड नाय का लागत लय?"

म्हातारीनं त्यांच्याकडं नवलानं बघितलं. "बाजाराच्या दिशी गोड नाय खायाचं तं कधी?"

आप्पा हसले. मला ते हसू चांगलं आठवतं, कारण ते मोठ्यानं नव्हतं. त्यांनी तिच्या बाजूनं थोडं सरकून तिच्या टोपलीला बाकावर जागा करून दिली. मग दुकानवालीला म्हणाले, "एक आमाला बी दे. तुझ्या पद्धतीचा. गडबड नाय."

या वेळी ओव्हन तापलेला होता. बेस खालून खरपूस, कडेला फुगलेला. सॉस गोडच होता, पण भाजलेल्या बेसवर तो वेगळाच लागत होता, की आम्हीच आता वेगळ्या नजरेनं खात होतो, कोण जाणे. आप्पांनी कड चावून संपवली, हात धुतले, आणि मला फोन काढायला सांगितलं.

"जुनं काढून टाकू?" मी विचारलं.

"नको. खाल्लं तेव्हा तसंच व्हतं. खाली नवं लिही." मग त्यांनी सांगितलं, "लिही, आज परत खाल्ला. बेस पक्का, तुकडा सरळ राहतो. सॉस गोड हाय आन् तो गोडच पाहिजे, कारण हा बाजाराचा पिझ्झा हाय. आंबट पाहिजे त्यानं बाईला सांगावं, तिला तो बी येतो. औषध म्हणलो, ती चूक माझ्या तोंडाची." ती बाई ओव्हनपाशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. "असं लिवलं का खरंच?" तिनं विचारलं. मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं हळूहळू सगळं वाचलं आणि मान डोलावली. चार तारे बघून मात्र म्हणाली, "एक राखून ठेवला का?" आप्पा म्हणाले, "सगळ्यांचाच ठेवतो."

त्यानंतर आप्पांची रीत थोडी बदलली. पूर्वी खाल्लं की लगेच बोलायचे, आता आधी बसून बघतात. कोण येतंय, काय मागतंय, किती वेळ थांबतंय. अभिप्राय लांब झाले आणि त्यात पिझ्झ्याइतकीच माणसं यायला लागली. माझ्या एका मैत्रिणीनं तर तक्रार केली की वाचून गाव कळतं, पण पिझ्झा कुठला मागवायचा ते कळत नाही. आप्पांना ते कौतुकच वाटलं.

हे अभिप्राय वाचून त्यांच्या जुन्या कंडक्टरचा फोन आला. कितीतरी वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. आता दर थोड्या दिवसांनी तेही मागच्या सीटवर असतात, आणि माझ्या गाडी चालवण्यावर दोघांचं एकमत आहे, ते मला ऐकू येणार नाही इतक्या हळू बोलतात. मागच्या आठवड्यात हरसूलला गेलो तर दुकानात दोन टेबलं आलेली. बाईनं मैद्यात नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ मिसळून बघितलं होतं. पहिल्यांदा थापतानाच फुटलं म्हणे, आता जमलंय. आम्हाला त्याचाच पिझ्झा दिला. काळपट, जाड, भाकरीसारखा वास असलेला. कंडक्टरकाका म्हणाले, जरा कोरडा आहे. आप्पा म्हणाले, नाही. दोघांचा वाद सुरू झाला, दुकानवालीनं त्यात आपली बाजू मांडली, शेजारच्या टेबलावरची एक बाईही बोलायला लागली. मी उरलेला तुकडा खाल्ला. उन्हं कलली होती, बाजार उठत होता, आणि घरी जायची कुणालाच घाई नव्हती.