दुकानातून दिसणारं मैदान

भर दुपारी आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. पलूसच्या बाजूचं आमचं गाव त्या वेळी जेवून आडवं झालेलं असतं. अब्बा गल्ल्यावर डुलक्या घेतात आणि मी ताग्यांना टेकून उघड्या डोळ्यांनी कुस्तीच्या मैदानात जातो. लाल माती, हलगीचा कडकडाट, फेटे, शिट्ट्या, सगळं साग्रसंगीत. मध्येच कुणी कापड मागितलं की मी तिथूनच कात्री चालवतो आणि तुकडा वाकडा जातो. अब्बांचा हात आजवर एकदाही वाकडा गेलेला नाही. ते बोलत नाहीत, नुसता तुकडा उचलून उजेडात धरतात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

ही सवय जुनी. लहानपणी मी तालमीत जायचो, गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. तेव्हा हे राहून गेलेल्या पैलवानकीचं दुखणं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, मीही. पोट सुटलं, दाढी पिकायला लागली, तरी दुखणं काही हटेना.

एकदा जेवताना बायकोनं आमच्या घरच्या दखनीत सरळ विचारलं, त्या मैदानात तुम्ही लढता तरी कुणाशी? आठवून पाहिलं, तर माझ्या अंगाला कधी माती लागलेलीच नव्हती. अंगात पांढरा सदरा घालून मी कडेला उभा असायचो आणि हातात माईक असायचा. लढत होते ते दुसरेच, मी आपला बोलत सुटलेलो. बायको म्हणाली, त्यात नवल काय, घरात तरी कुठं गप्प बसता?

मला तर कुणीतरी दार उघडून दिल्यासारखं झालं. पण जत्रांची मैदानं आणि लग्नसराई दोन्ही एकदमच येतात. बस्त्याला माणसांची रीघ लागते आणि अब्बांना दुसरा हात माझाच. त्यांना विचारायची हिंमत होईना आणि न विचारता राहवेना.

आमच्या जत्रेत मैदानाची सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. तोवर निवेदक चहाला गेलेले असतात. त्या दिवशी मी दुकानातून चहाच्या निमित्तानंच सटकलो आणि पंचांना गाठलं. "आवं आण्णा, एवढ्या रेवड्यांच्या कुस्त्या मी बोलतो की."

"बोल की गड्या, तुला कोण नगं म्हणतंय?"

माईक हातात आला आणि ध्यानात आलं, एकाही पोराचं नाव मला ठाऊक नाही. पैलवानाची ओळख गाव, तालीम, वस्ताद अशी सांगायची असते. मला ओळखू आलं ते पोरांच्या चड्ड्यांचं कापड, आणि माझ्या तोंडून दुकानच बाहेर पडलं. "मांजरपाट खाली, चौकडा वर! चौकड्याचा रंग कच्चा हाय, पण पोरगं पक्कं हाय!" सगळं मैदान खो खो हसलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण चहाला निघालेली माणसं परत खाली बसली. पंच म्हणाले, "लय भारी! पुढच्यालाबी तूच बोल." तो आनंद अजून माझ्या अंगात आहे.

मग आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. यंदा कुंडलकडच्या एका मोठ्या मैदानाचं आलं, आणि तेही ऐन बस्त्याच्या गर्दीत. अब्बांना एकदाचं सांगितलं. ते साडीची घडी घालत राहिले आणि म्हणाले, "जा." एवढंच. तो होकार होता की राग, काही कळेना. दिवसभर मी बोललो झकास, पण मन दुकानात अडकलेलं. अब्बांनी तोंड फिरवलं तर हा माईक मला गोड लागणार नव्हता.

संध्याकाळी परतलो तर दुकानात गर्दी होती. गल्ल्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून अब्बांचा मोबाईल उभा केलेला. दुपारी नेलेलं ब्लाऊजपीस परत घेऊन एक बाई समोर उभी होती.

"आवं चाचा, ह्ये तिरकं कापलंय की."

अब्बांनी तुकडा उचलून उजेडात धरला. चांगलाच वाकडा गेला होता.

"बदलून देतो, माय," ते म्हणाले. "मोबाईलवर मैदान लागलं हुतं. पोरगं बोलत हुतं, तिकडं ध्यान गेलं."