ट्रॉलीचे मागचे दिवे

आमच्या ट्रॉलीला मागचे दिवे होते, पण नावाला. काच तडकलेली, आत गंजका बल्ब आणि कोळ्याचं जाळं. गावात कोणाच्याच ट्रॉलीचे लागत नव्हते, मग आमचेच कोण बघतो?

मागच्या हंगामात धानाच्या तणसानं भरलेली ही ट्रॉली आरमोरीच्या रस्त्यावर पंक्चर झाली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या धाकट्या दिरानं घरी फोन केला आणि माझा नवरा जॅक घेऊन मोटरसायकलवर निघाला. अंधार पडला होता. उभी ट्रॉली त्याला दिसलीच नाही. मागून सरळ तिच्यावर आदळला, जागीच गेला.

तेव्हापासून ट्रॉली अंगणात. तिच्याखाली कोंबड्या बसायच्या. बाया म्हणायच्या, "रड वो माय, मोकळी हो." रडू काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की आलं? दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, तसं माझं आत सगळं बधिर होतं. भात रांधायची, शेण काढायची, झोपायची. दिरानं ट्रॅक्टरला हात लावणं सोडलं होतं. आमचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

यंदा मळणी झाली, धानाची पोती पडवीत लागली. सासरे म्हणाले, "हे ट्रॉली विकून टाकू. भाड्याची आणू."

मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा राग आला. "भाड्याच्या ट्रॉलीले तरी कुठी दिवे रायतेत, मामाजी?"

बाजारातून मीच एलईडी बल्ब आणले. दुकानदार म्हणाला, "ट्रॉलीले काऊन, बाई? ट्रॉलीचे दिवे कोण पायते?"

"तुमी द्या ना. कोण पायते ते मी पायतो."

बल्ब दोन कामांचा होता. नुसता लावला की मंद लाल, ब्रेक दाबला की भडक. मी होल्डर घासला, बल्ब बसवला. लागेना. काढला, उलटा करून बसवला, तरी लागेना. दीर पडवीतून बघत होता. शेवटी उठून आला.

"वयनी, सारं गंजलं आहे. अर्थिंग नाई भेटून राह्यली."

त्यानं ट्रॅक्टरपासून नवी वायर ओढली. उजवा लागला, मग डावा.

"दुरून पाहा लागते," मी म्हटलं.

दिवेलागणीला तो रिकामी ट्रॉली घेऊन निघाला. मी आरमोरीच्या फाट्यावर उभी राहिले, फोन कानाला लावून. रस्ता तिथून सरळ आहे.

"दिसते?"

"दिसते."

"आता?"

"दिसते."

दिवे लहान होत गेले, विझले नाहीत. मोहाच्या झाडापाशी एकदम भडक झाले. मागच्या हंगामातली तीच जागा. तो थांबला होता.

"आता, वयनी?"

"दिसते ना, भाऊजी. एवढ्या दुरून दिसते."

बोलून गेले आणि काय बोलले ते मलाच ऐकू आलं. फोनवर तो हुंदके द्यायला लागला. दिवे भडकच राहिले, त्याचा पाय ब्रेकवरून निघेना.

तेवढ्यात माझ्या मागून एक मोटरसायकल आली आणि जोरात पुढं गेली, सरळ त्या दिव्यांकडं. मी तिच्यामागं दोन पावलं धावले. दिव्यांच्या बऱ्याच अलीकडं ती हळू झाली, बाजू घेतली आणि निघून गेली.

मी फाट्यावरच खाली बसले आणि मोठ्यानं रडले.