दोन बोटांचे मासे आणि आम्ही तिघं

टाकीतलं पाणी आठवड्याला बदलता येतं. किस्से मात्र तळाला बसतात ते बसतातच. लोहाऱ्यात ड्वार्फ सिक्लिड जातीचे बुटके मासे पाळणारे आम्ही तिघं: झेरॉक्सवाला मी, टेलर सलीमभाई आणि हार्डवेअरवाले बिभीषणअण्णा. मासा दोन बोटांचा, पण तोरा पाटलाचा. गावाच्या लेखी आम्ही तिघं कामातून गेलेली माणसं, आणि गावाचं फारसं चुकतही नाही.

*

या माशांना हलकं पाणी लागतं आणि आमचं बोअरचं पाणी असं जड की साबणाला फेस येत नाही. म्हणून माशांसाठी जार विकत. एकदा भर उन्हात सलीमभाईंचे साडू आले. भाभी जारमधून तांब्या भरायला लागल्या, तर सलीमभाई शिलाई मशीनवरूनच म्हणाले, "ते नको, ते माशांचं हाय. पाव्हण्याला बोअरचं दे."

साडू आजही येतात. पाण्याची बाटली सोबत आणतात.

*

टाकीत आम्ही बदामाच्या झाडाची वाळलेली पानं टाकतो. पाणी चहासारखं तांबूस होतं, माशांना तेच मानवतं. मी दुकानात असताना गावाकडून आलेल्या माझ्या आईनं ते पाणी पाहिलं. तिला माशांची दया आली आणि रांजणात फिरवावी तशी तिनं टाकीत तुरटी फिरवली. घरी येऊन बघतो तर पाणी आरशासारखं आणि मासे आडवे व्हायच्या बेतात! वरणाच्या पातेल्यात चांगलं पाणी घेऊन त्यांना हलवलं, म्हणून वाचले. मी जाम चिडलो. आई शांत.

"चहात ठिवल्यालं चालतंय, आन तुरटी चालंना व्हय?"

त्या पातेल्यातलं वरण बायको अजून फक्त मलाच वाढते.

*

मादी अंडी घालते ती अंधाऱ्या खोबणीत, आणि उपडी करवंटी त्याला झकास. अण्णा येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेले आणि जड पिशवी घेऊन परतले. वहिनी हात धुऊन पुढं आल्या.

"परसाद कुठाय?"

"खोबरं तिथंच वाटलं."

वहिनींनी पिशवी उघडली. आत अकरा करवंट्या.

"आन हे?"

"हे घरच्यांसाठी."

*

त्याच करवंट्यांत अण्णांच्या मादीनं तीनदा अंडी घातली आणि तीनदा स्वतःच खाल्ली. टाकीसमोर परकं माणूस आलं की ती बिथरायची. अण्णांना वर्षभर तोच घोर. चौथ्या खेपेला पिल्लं पोहायला लागली, आणि नेमके त्याच दिवशी त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, वैशालीला बघायला पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं, अण्णांच्या मनात भरलेलं. टाकी मात्र बैठकीच्या खोलीत.

वैशालीनंच टाकीला चादर लावली. "पाव्हणे वसरीत बसतील. पिल्लं हलवायची न्हायीत."

मी आणि सलीमभाई मदतीला. मुलाकडून आत्याबाई आल्या होत्या. शेवटचा शब्द त्यांचा. सोबत त्यांचे यजमान. यजमानांनी येताच पंखा सरकवला, चहात साखर किती ते सांगितलं, आत्याबाईंनी कुठं बसायचं तेही सांगितलं. मग विचारलं, "आत का बसवंनात आमाला?"

अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "आत बाळंतीण हाय."

एकुलत्या एक मुलीच्या घरात बाळंतीण कोण? आत्याबाई उठल्या आणि सरळ आत गेल्या. मी दारातच होतो. वैशालीनं चादरीचं टोक बोटभर बाजूला केलं. आत्याबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. पिवळीधमक मादी, भोवती तीळ सांडावेत तशी पिल्लं. मादी बिथरली नाही, एकाही पिल्लाला तिनं तोंड लावलं नाही.

"आन बाप कुठाय?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"बादलीत," वैशाली म्हणाली. "लई मधी मधी करतो. त्याला बाजूला काढल्याबिगर हिला काय सुधरत न्हाय."

आत्याबाई बाहेर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय."

"तसं न्हाय, माझं म्हणणं असं..." यजमान सुरू झाले.

आत्याबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं. मग वैशालीकडं वळल्या.

"बाई, बादली केवढी लागती?"